खोट्या कळा

साक्षीने परकर दुसऱ्यांदा पिळला आणि मागच्या दोरीवर, हर्षदच्या लुंगीच्या आड, कोणाला दिसणार नाही असा वाळत टाकला. नुकतं उजाडत होतं. पुढच्या अंगणात तिची सासू केसर टोपल्या झटकत होती आणि शेजारणीशी मोठ्याने बोलत होती. केसरचं बोलणं रेवदंड्याच्या धक्क्यापर्यंत ऐकू जातं, असं कोळीवाड्यात सगळे म्हणत.

पहाटे केव्हातरी अंथरूण ओलं झालं होतं. फार नाही, पण परकराला लागण्याइतकं. दिवस भरत आले की लघवी धरवत नाही, खोकलं तरी थेंब सुटतो, हे साक्षीने ऐकलं होतं. तसंच काहीतरी झालं असणार. एवढ्या मोठ्या बाईने अंथरुणात मुतावं, ही काही कोणाला सांगायची गोष्ट नव्हती. तिने चादरही धुतली आणि चहा ठेवायला आत गेली.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण साक्षीची आई ती शाळेत असतानाच गेली होती. मुरुडच्या घरात बाप आणि भाऊ, बाईमाणूस कोणी नाही. केसरनेच सांगितलं होतं, माझ्याकडं होऊ दे, मी काय परकी हाय? आणि तिने केलंही होतं सगळं मनापासून. सुजलेल्या पायांना तेल लावायची, ताज्या मासळीतला चांगला तुकडा हिच्या ताटात टाकायची. साक्षीला सासूची भीती कधीच वाटली नव्हती. भीती वाटायची ती तिच्या हसण्याची.

त्याला कारण होतं. गेल्या पंधरवड्यात साक्षी दोनदा अलिबागला जाऊन परत आली होती. पहिल्यांदा दुपारी जेवताना पोट दगडासारखं कडक झालं. साक्षीपेक्षा केसरच जास्त घाबरली. तिने गल्लीतल्या रघूची रिक्षा आणवली, देवाला नवस बोलली, आणि चौल, नागाव मागे टाकत दोघी प्रसूतिगृहात पोचल्या, तोवर पोट पुन्हा मऊ. नर्सने तपासलं आणि सांगितलं, या खोट्या कळा. थोडं चाललं, कूस बदलली की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, जवळजवळ येत जातात. केसर ही बातमी रघूला सांगायला बाहेर गेली. साक्षी पलंगाखाली चप्पल शोधत होती तेव्हा नर्स हात पुसत पुढे म्हणाली, "पाणी गेलं, लाल दिसलं, नाहीतर बाळ फिरेनासं वाटलं, तर कळा असोत नसोत, निघून यायचं. कळलं ना?"

साक्षीने मान हलवली. तिला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

दुसऱ्यांदा कमरेपासून कळ आली आणि तासाभरात विरली. त्या दिवशी ड्यूटीवर असलेला डॉक्टर थकलेला होता. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांसमोर तो म्हणाला, "अहो, दर दुखण्याला पळत यायचं नसतं." 

दुसऱ्या दिवशी मासळी सुकवायच्या खळ्यावर, जवळा वाळत घालताना, केसरने सगळा प्रसंग करून दाखवला. सून रिक्षाचा दांडा कशी धरून बसली होती, डोळे कसे फिरवत होती, आणि पोचल्यावर कशी टुणकन उतरली. बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एकीने विचारलं, काय गो, अलिबागहून आली काय? मुंबईची माणसं ज्या वाक्याने या मुलखाची टर उडवतात, तेच वाक्य, आणि त्यावर हसण्याची दुसरी लाट उठली. साक्षीही हसली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर तिने कमरेवर हात ठेवला की कोणी ना कोणी विचारायचंच, रिक्षा बोलवू काय? तिने मनाशी ठरवून टाकलं की आता अगदी सोसवेनासं होईतो तोंड उघडायचं नाही.

आज शिमग्याचा दिवस होता. समुद्रावर गेलेल्या होड्या दुपारपर्यंत परत येणार होत्या. साक्षीचा नवरा हर्षद आणि सासरे अंबाजी त्यांच्याच होडीवर होते. त्याआधी खळ्यावरचा जवळा गोळा करून टोपल्यांत भरायचा होता. साक्षी झाडू घेऊन बसली. बसताना पुन्हा ओल जाणवली. तिने घरी जाऊन जुन्या सुती लुगड्याची घडी आत घेतली आणि परत आली. कंबर धरत होती, सुटत होती, पुन्हा धरत होती. पोट मात्र त्या दिवशीसारखं दगड होत नव्हतं, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष होतं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. सकाळच्या चहानंतर मूल डाव्या बरगडीखाली लाथ मारायचं, रोज, नेमाने. आज मारली नव्हती. तिने गूळ खाल्ला, पाणी प्यायली, पोटाला बोटाने ढोसून पाहिलं. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण ते मूल हललं की तिच्या हाताने हललं, ते समजेना.

शेवटी तिने सहज विचारल्यासारखं केसरला विचारलं, "आई, शेवटी शेवटी मूल हलायचं कमी होतं काय?"

केसरचे दोन्ही हात टोपलीत होते. "व्हय गो," ती मान वर न करता म्हणाली. "निघायच्या आधी पोर गप बसतं. जागा कुठं असते त्याला?"

केसरच्या आईने केसरला हेच सांगितलं होतं. खळ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. साक्षीला बरं वाटलं. तिने विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. ती पुन्हा जवळा लोटू लागली.

दुपार कलल्यावर होड्यांचे भोंगे ऐकू आले. झेंडे आणि पताका लावलेल्या होड्या खाडीच्या तोंडाशी दिसू लागल्या, ताशा वाजायला लागला, आणि खळं रिकामं झालं. साक्षी घरी आली, मोरीत गेली आणि तिने घडी काढून पाहिली. लुगडं चिंब झालं होतं आणि त्यावर हिरवट डाग होता, खाडीच्या भिंतीवर शेवाळ असतं तसा. वासही लघवीचा नव्हता. हे काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. काय नाही, ते मात्र कळलं, आणि नर्सचं 'पाणी गेलं तर' आठवलं.

भिंतीचा आधार घेत ती किनाऱ्यावर गेली. केसर बायकांच्या घोळक्यात पुढे होती, दोन्ही हात वर करून होडीतल्या मुलाला काहीतरी ओरडून सांगत होती. साक्षीने मागून तिच्या ओढणीचं टोक ओढलं. ताशामुळे दोनदा सांगावं लागलं.

"आई, माझं पाणी जातंय. हिरवं जातंय. सकाळपासून."

केसरच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं. "सकाळपासून? मग बोलली का न्हाय?"

"तुम्ही सगळ्या हसाल म्हणून."

 केसरने साक्षीला दंडाला धरलं आणि गर्दीतून वाट काढत निघाली. हर्षदची होडी अजून टेकलीही नव्हती.

रघूने मिरवणुकीतून, हॉर्नवर हात ठेवून, रिक्षा काढली. वाटेत दोन ठिकाणी होळीसाठी रस्ता अडवला होता. तिथे तो खाली उतरून लोकांना बाजूला करून आला. केसरने सगळ्या वाटेत साक्षीच्या पोटावरून हात काढला नाही. तळवा इथे ठेवायची, थांबायची, मग तिथे ठेवायची. एरवी रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. आज तिला गप्प बघून साक्षीला सगळं समजत गेलं.

प्रसूतिगृहात तीच नर्स होती. तिने ठोके ऐकायचं यंत्र पोटावर ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. मग पोटाला हात लावून म्हणाली, डॉक्टरांना बोलावते. डॉक्टरने सोनोग्राफी केली. मागच्या खेपेला तिला बोलला होता तोच हा डॉक्टर. पडद्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, मग स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला की ठोके लागत नाहीत.

साक्षी म्हणाली, मग काढा लवकर. तिला वाटलं, आता कापून काढतील, आपल्याला झोपवतील. डॉक्टरने समजावलं की तसं करणं तिच्यासाठी धोक्याचं. कळा याव्यात म्हणून सलाईनमधून औषध देऊ, आणि तिला नेहमीसारखंच बाळंत व्हावं लागेल. मेलेल्या मुलालाही जन्म द्यावा लागतो, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग कळा आल्या. कमरेतून निघून मांड्यांत उतरणाऱ्या, एक संपते न संपते तो दुसरी. त्या खऱ्या की खोट्या हे कोणाला विचारावं लागलं नाही. केसर उशाशी उभी राहिली. साक्षीने तिचा हात इतका आवळला की बांगडी फुटून मनगटात रुतली. केसरने हात काढून घेतला नाही.

सकाळी मुलगी झाली. डोकंभर केस होते. नर्सने ती कपड्यात गुंडाळली आणि केसरकडे पाहिलं. केसर म्हणाली, नको दाखवू तिला, जन्मभर डोळ्यापुढं राहील.

"मी बघणार," साक्षी म्हणाली.

तिने मुलीला मांडीवर घेतलं. बोटं मोजली नाहीत, नुसती धरली. नखं वाढलेली होती आणि त्यांच्या कडांना त्याच पाण्याचा हिरवट रंग लागला होता. तो तिने कपड्याच्या टोकाने पुसायचा प्रयत्न केला, पण गेला नाही. नर्स परत न्यायला आली तेव्हा साक्षीने तिला विचारलं, काल सकाळीच आले असते तर?

नर्स खोटं बोलली नाही. "सांगता येत नाही, साक्षी," ती म्हणाली. "पण यायला हवं होतं."

हर्षदच्या शर्टावर गुलाल तसाच होता. त्याने प्रसूतिगृहाच्या दाराशी मुलीचं गाठोडं हातात घेतलं आणि बराच वेळ तो नुसता उभा राहिला, कुठे जायचं ते विसरल्यासारखा. मग अंबाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघं आणि रघू मिळून खाडीच्या बाजूला, लहान मुलांना पुरतात तिथे, जाऊन आले. बायका तिथे जात नाहीत.

घरी आल्यावर साक्षीला दूध आलं. छाती दगड झाली, ताप भरला. केसरने चौलच्या एका वाडीतून ओंजळभर मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, छातीवर ठेवल्या आणि वरून फडकं घट्ट बांधलं. त्याने दूध ओसरतं म्हणतात. दिवसभर खोलीत लग्नघरासारखा वास भरून राहायचा. केसरचा आवाज आता अंगणापलीकडे जात नव्हता. शेजारणी येऊन बसायच्या आणि तिने काही सुरू करायची वाट पाहून उठून जायच्या.

एकदा फडक्याची गाठ मारता मारता ती म्हणाली, "मीच तुला बोलले, पोर गप बसतं म्हणून."

तुम्हाला तरी कुठं माहीत होतं, हे साक्षीच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण ते तिच्याने बोलवलं नाही, आणि केसरनेही पुन्हा विषय काढला नाही.

बाळंतपणाचं सुवेर फिटल्यावर साक्षी खळ्यावर गेली. घरात बसून राहणं जास्त कठीण होतं. बायकांनी सरकून तिला जागा दिली. कोणी कशी आहेस विचारलं नाही, सगळ्याजणी खाली मान घालून जवळ्यातला कचरा वेचत राहिल्या. साक्षीही वेचू लागली. मागच्या गल्लीत कुणाचं तरी तान्हं रडत होतं. थोड्या वेळाने समोरच्या बाईचे हात थांबले आणि तिने चटकन नजर वळवली. साक्षीने खाली पाहिलं. तिच्या गाऊनवर छातीपाशी दोन ओले डाग पसरत होते.

रस्त्यावरून माणसं जात होती, धक्क्याकडे जाळी घेऊन निघालेले खलाशी होते. केसरने आपल्या खांद्यावरची ओढणी काढली आणि सुनेच्या अंगावर टाकायला हात पुढे केला.

साक्षीने तो हात धरला आणि हलकेच खाली ठेवला.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "दिसू दे."

आणि तिने जवळ्याचा दुसरा ढीग पुढे ओढला.