भरून आलेल्या खाचा

१९६९ सालची गोष्ट.

"बाई, शुक्रवारी पाहुणे येतायत," संग्रहालयाचे संचालक, आमचे डॉक्टर, दारातूनच म्हणाले. "आणि जबड्यातल्या दातांच्या खाचा अजून दगडानं भरलेल्याच? कोरून काढा."

तळघरात आम्ही दोघीच असायचो. मी वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचे. सुईबाई लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांवरचा दगड सुईनं कणाकणानं सोडवायच्या. त्यांचं खरं नाव त्यांनाही आठवत नसेल, अशी आमची थट्टा. तो जबडा आपल्या फार जुन्या पूर्वजाचा होता. माणूस होण्याच्या वाटेवरच्या कुणाचा तरी.

त्यांनी पहिल्या खाचेत सुई घातली आणि त्या थबकल्या. दगडावर सुई करकरते, हाडावर मुकी होते. ती मुकी झाली होती, आणि मागे केसाएवढा ओरखडा उमटला होता.

"मेले मी! अगं, हा दगड नाही."

डॉक्टर भडकले. "दातांच्या जागी हाड? किती शिकलायत तुम्ही?"

"सातवी नापास. पण सासूबाईंना नऊ वर्षं भरवलंय, साहेब. रोज हिरडीला औषध चोळायचे. दात पडला की खाच हळूहळू भरून येते. ह्याचे दात मरायच्या कितीतरी आधी गेलेत."

"दातांशिवाय त्या काळी जगणार कोण? खाचा कोरा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

सुईबाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. ही नोकरी गेली तर घरची चूल थंड. तरी त्यांनी सुई पुसली, डबीत ठेवली, डबी मिटली.

"नाही येत. एकदा बोट तेवढं फिरवून बघा. कवळी काढल्यावर लागतं, तसंच लागेल."

डॉक्टरांची कवळी सगळ्यांना ठाऊक होती. तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. माझी लेखणी हातातच राहिली.

डॉक्टरांनी जबड्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा. गालाआड त्यांची जीभ फिरताना मला दिसली. ते स्टुलावर बसले.

"म्हणजे ह्याला कुणीतरी भरवत होतं," ते हळूच म्हणाले. "कुटून, चावून. वर्षानुवर्षं."

"नाहीतर काय! म्हातारं माणूस टाकून थोडंच देतात?"

शुक्रवारी जबडा काचेच्या पेटीत ठेवला आणि मी चिठ्ठी लिहिली : 'दात गेल्यावरही अनेक वर्षे जगलेली वृद्ध व्यक्ती.'

डॉक्टरांनी त्या जबड्यावर पुस्तक लिहिलं, त्यांचं मोठं नाव झालं. पुस्तकात सुईबाई 'आमच्या एक मदतनीस' एवढ्याच आहेत. डॉक्टर जाऊनही आता खूप वर्षं झाली. सुईबाईंचा नवरा त्याआधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांना घरी घेऊन आले, आणि शेवटची तीन वर्षं त्या माझ्याकडेच होत्या.

एकदा भरवताना घाईत चमचा त्यांच्या हिरडीला लागला.

"हळू गं," त्या बोळकं पसरून हसल्या. "माझा ओरखडा अजून काचेत आहे."