अश्वजित सरांची आन्सर की

नीटचा पेपर सुटला की लातुरात दिवेलागणीच्या आत प्रत्येक क्लासला आपली आन्सर की बाहेर काढायची असते. अधिकृत की यायला वेळ लागतो आणि तेवढा दम ना पोरांना असतो, ना पालकांना. आमच्या क्लासची फिजिक्सची की अश्वजित सर काढायचे. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून नांदेडहून इकडे आलेला माणूस. मी केमिस्ट्री शिकवतो, पण खरं सांगायचं तर पोरं यायची ती त्यांच्या भरवशावर.

मागच्या वर्षी क्लासचे मालक हरिओम सरांनी (लातुरात मालकही सरच असतात) एआयचं मशीन आणलं. त्याने अश्वजित सरांच्या टेस्ट पेपरांतल्या चुका दाखवल्या, त्याही अगदी अदबीने. प्रत्येक चूक खरी निघाली. सर दिलदार, वर्गात कबूल करायचे. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुढे पुढे ते साध्या गणितालाही मशीनला विचारू लागले. मला त्याचा राग यायचा. बोललो मात्र नाही, कारण केमिस्ट्रीतही ते मशीन माझ्यापेक्षा सरस होतं.

यंदा पेपरच्या संध्याकाळी एकाच प्रश्नावर दोघांचं जमेना. उतारावरच्या ठोकळ्याचा प्रश्न. सरांचं उत्तर दुसरा पर्याय, मशीनचं तिसरा. मशीनने आपलं म्हणणं असं ओघवतं मांडलं की मलाही पटलं. बाहेर पोरं खोळंबली होती, हरिओम सर घाई करत होते. अश्वजित सरांनी तिसरा पर्याय छापायला दिला.

तेवढ्यात वर्षाराणी आली. देगलूरकडची पोरगी, सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिने सरांच्याच रीतीने सोडवून दुसरा पर्याय निवडला होता. सरांनी तिला सांगितलं, तुझं चुकलं. ती पेपरची घडी घालून गेली.

अधिकृत कीमध्ये दुसरा पर्याय बरोबर निघाला. अख्ख्या पेपरात मशीनचं तेवढं एकच चुकलं होतं. माणसाचं याहून जास्त चुकतं, असं हरिओम सर म्हणाले. ते काही खोटं नाही.

की लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाराणीने चांगल्या मार्कांचे पेढे आणले. सरांनी एक हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"सर, मग मला चूक कामून म्हणलात?" तिने विचारलं. "तुमी सोडवून न्हाई बघितलं?"

"बघितलं की. लई वेळा."

"मग?"

"दरवेळी तुझंच उत्तर आलं."