हिरव्या पाकिटावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. तैवानमधल्या शिंचूच्या एका कारखान्यात मी सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रकाशाने बारीक रेघा छापते. पुढे त्या चकत्यांच्या चिप होतात.

मी आले तेव्हा इतक्या बारीक रेघा इथे कोणी काढत नव्हतं. पाहुणे काचेला नाक लावून मला बघत. रेघ बारीक, म्हणून एका चकतीतून चिप जास्त. चिप जास्त, म्हणून प्रत्येक स्वस्त. शेजारच्या कारखान्यांनीही तेच केलं आणि भाव जे घसरले ते थांबेचनात. आमचा माल मासळीसारखा, आज खपला नाही तर उद्या पडून राहतो. मग माझ्याहून बारीक छापणारी धाकटी आली आणि मला मोडीत काढायचं ठरलं. चिप स्वस्त केली मी, आणि महाग म्हणे मीच पडते! मला फार राग आला.

माझी देखभाल करणाऱ्या शिऊ-चिनताईंनी साहेबांना गाठलं. लिफ्ट बनवणाऱ्यांना अजून जुन्याच चिप लागतात. हिची किंमत केव्हाच वसूल झालीय, मग हिच्याइतका स्वस्त माल दुसरं कोण देणार, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी त्याच दिवशी एक नमुना छापून दाखवायला सांगितलं. तो बिघडला तर मी भंगारात.

आमच्याकडे प्रत्येक मशीनच्या नियंत्रणपेटीवर, काचेबाहेर, नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणजे मशीनही तशी वागते. तारीख उलटली की पाकीट बदलायचं. माझ्या पाकिटाची कधीच उलटली होती, मोडीतल्या मशीनकडे बघतो कोण? नवा इंजिनिअर फान धावत जाऊन पाकीट घेऊन आला, पण पिवळं. पिवळा दिवा लागला की मशीन अडते, हे इथे सगळ्यांना माहीत. ताईंनी कपाळाला हात लावला.

"हे ठेवण्यापेक्षा वीजच तोड की बाबा," त्या म्हणाल्या आणि सरळ धाकटीच्या पेटीवरचं हिरवं पाकीट उचलून माझ्या पेटीवर ठेवलं.

"ताई, नवीचं काढून जुनीला?"

"नवीला उद्या आणून दे. हिला उद्या नाहीये."

माझा नमुना एकही डाग न पडता उतरला. पाकिटामुळे की कशामुळे, मला सांगता येणार नाही. आपल्याकडे कोणीतरी बघतंय, एवढं मात्र कळलं होतं.

परवा धाकटीसमोर एक मोठं खोकं येऊन पडलं. आत तिच्याहून बारीक छापणारी कोणीतरी आहे. तेव्हापासून धाकटी उगाच घरघरते. मित्रांनो, आज ना उद्या तीही जुनी होईल, ते काही चुकत नाही. तिच्या पाकिटावरची तारीख तेवढी बघत जा.