पक्का शेजारी

“जरा वळ. हं. आता हात वर,” अण्णा म्हणाले, आणि लंबूने पलंगाशेजारी उभ्या उभ्या दोन्ही हात वर केले. त्याची बोटं पंख्याला लागतात की काय असं वाटून अण्णा हसले. मग त्यांनी बसल्या जागेवरून टेप त्याच्या छातीभोवती फिरवली आणि ओठांत धरलेल्या टाचण्यांतून पुटपुटले, “तुम्हाला हे सदरे शिवून देतं कोण? माणूस मोजून शिवलेत की कपाट मोजून?”

“दोनतीनच ठरलेली मापं, अण्णा. मी उंच आहे म्हणून मला सगळ्यात मोठं दिलं. आत अजून एक माणूस मावेल.”

“मग त्याचंही माप घेऊ. ये म्हणावं.”

दोघे हसले. दाराच्या वर भिंतीला लावलेली डबी उघडून स्टुलावर उभी असलेली त्यांची मुलगी ठमी हे बघत होती. बघत कसली, जळत होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या कामाच्या जाकिटाचा खिसा उसवला तेव्हा ती मोठ्या आशेने ते घेऊन याच खोलीत आली होती. “डोळे गेले गं आता,” अण्णा म्हणाले होते, “टाक कुठल्या तरी शिंप्याकडे.” जन्मभर दुकान चालवलेल्या शिंप्याने असं म्हणावं याचं तिला त्या दिवशी रडू आलं होतं. आणि आज पाहावं तर लंबू सुईत दोरा ओवून देत होता आणि गेलेले डोळे सुखरूप परत आले होते.

“ताई, स्टूल धरू का?” लंबूने विचारलं.

“मला पडायची सवय नाही,” ठमी म्हणाली.

ठमीचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. अंगाने ठेंगणी आणि गुबगुबीत म्हणून अण्णांनी लहानपणी ठमी म्हटलं, ते चाळिशी उलटली तरी चिकटलेलंच राहिलं. या वृद्धाश्रमात दिवे, पंखे, गिझर आणि विशेषतः म्हाताऱ्यांच्या गळ्यातली हाकेची बटणं सांभाळणं हे तिचं काम. आई गेल्यावर अण्णांचे पाय अधू झाले, तेव्हा तिने मेट्रनबाईंना गळ घालून त्यांना इथेच खोली मिळवली होती. बाप डोळ्यांसमोर राहील, दिवसातून चार वेळा डोकावता येईल, असा तिचा हिशेब. त्या हिशेबात लंबू नावाचा सेवक कुठेच नव्हता.

तर त्या बटणांविषयी. बटणाच्या आत नखाएवढी बॅटरी, आणि ती वर्षभर पुरवायची. म्हणून बटण बहुतेक वेळ झोपलेलं असतं आणि त्याचा आवाजही बेताचाच. त्याची हाक खाली सेवकांच्या टेबलापर्यंत थेट पोचतच नाही. ते शेजाऱ्याला सांगतं, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं कानोकानी हाक खाली जाते. हे शेजारी म्हणजे भिंतींवरच्या डब्या, नाहीतर सेवकांच्या मनगटावरचे पट्टे. बटण अधूनमधून जागं होऊन कानोसा घेतं, जवळ कोण आहे, कोणाचं उत्तर चटकन येतं. डोकं लहान, त्यामुळे मोजकेच शेजारी लक्षात राहतात. ज्याचं स्पष्ट ऐकू येतं तो वरच्या नंबरावर जातो, आणि ज्याची गाठ पडेनाशी होते त्याचं नाव पुसून नव्याला जागा होते. माणसंही हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

डबीचं झाकण लावून ठमीने हातातल्या यंत्रावर सहज म्हणून अण्णांच्या बटणाचे शेजारी पाहिले. खोलीतली डबी दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर लंबूच्या मनगटावरचा पट्टा.

याचा अर्थ साधा होता. लंबू या खोलीत इतका वेळ असायचा की बटणाने त्यालाच जवळचा धरला होता. अण्णांनी बटण दाबलं की हाक आधी लंबूच्या मनगटावर थरथरायची. यंत्राला मायाममता नसते, ते नुसतं कोण जवळ आहे ते मोजतं, हे ठमीइतकं कुणाला ठाऊक असणार? पण नाकाला मिरच्या झोंबल्यावर माणूस मिरचीचा काय दोष असं म्हणत बसत नाही.

“आज दुपारी पत्ते,” लंबू सदरा अंगात घालत म्हणाला. “काल तुम्ही चीटिंग केलीत.”

“सिद्ध कर,” अण्णा म्हणाले.

ठमीशी अण्णा असं कधी बोलले नव्हते. तिच्याशी ते जेवलीस का, पगार झाला का, एवढंच बोलत. ती स्टूल उचलून बाहेर पडली तेव्हा तिला निरोप द्यायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लंबूचा पट्टा अण्णांच्या बटणाला वर्ज्य केला. त्याला कारणही चोख होतं. हलत्या वस्तूला शेजारी धरू नये, आज इथे तर उद्या तिथे, असा नियम यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातच होता. तो नियम इमारतीतल्या सगळ्या बटणांना लावायला हवा होता. ठमीने तो एकाच बटणाला लावला.

तेवढ्याने भागलं असतं तर बरं. पण यादीतून लंबू गेला म्हणून ठमी थोडीच यादीत येत होती? म्हणून तिने आपली चाचणीची डबी अण्णांच्या उशाशी असलेल्या कपाटाच्या खणात ठेवली. या डबीची हाक तिच्या फोनवर वाजायची. पुन्हा कुणी पहिला नंबर पटकावू नये म्हणून तिने डबीपुढे ‘पक्का’ अशी खूण केली. पक्का शेजारी म्हणजे बटणाने त्याला कधीच पुसायचं नाही, उत्तर येवो न येवो, हाक त्यालाच मारायची. ही सोय भिंतीत स्क्रूने आवळलेल्या डब्यांसाठी होती.

“अण्णांच्या खोलीत काय चाललंय?” मेट्रनबाईंनी जिन्यात विचारलं.

“तिथे सिग्नल जरा कमी पडतो,” ठमी म्हणाली. तिची जीभ अडखळली नाही याचं तिलाच नवल वाटलं.

पहिली हाक त्याच दुपारी आली. ठमी गच्चीवर टाकीपाशी होती. ती पान्हा तसाच टाकून धावत सुटली आणि धापा टाकत खोलीत शिरली.

“काय झालं, अण्णा?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे दाराकडे पाहिलं. “तू?”

“हो. आता तुमची हाक मला येते. मीच बघणार सगळं.”

“काम नाही का तुला?”

“हेच काम. बोला, काय हवंय?”

अण्णांनी पांघरुणाची कड चिमटीत धरली. “पाणी,” ते म्हणाले. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशीच होता. ठमीने पेला भरून दिला, त्यांनी घोटभर घेतलं आणि परत ठेवला. “जा आता. पडलेलं काम कर.”

असं दोनतीनदा झालं. एकदा त्यांनी खिडकी लावायला सांगितली, एकदा चुकून दाबलं गेलं म्हणाले. पुढे बटण दाबणंच कमी झालं. ठमीने याचाही अर्थ आपल्या सोयीने लावला. पूर्वी लंबूशी गप्पा मारायला म्हणून उगाच दाबत असतील, आता मुलीला उगाच कशाला पळवायचं म्हणून जपतात. त्या आठवड्यात ती जिने चढताना गुणगुणत होती.

लंबूच्या मात्र काही लक्षात आलं नव्हतं. एकदा तो तिला म्हणाला, “ताई, अण्णा हल्ली हाकच मारत नाहीत. माझ्यावर रागावलेत का?”

“मला काय माहीत,” ठमी म्हणाली. मनात म्हणाली, बस आता वाट बघत.

पुढच्या मंगळवारी मागच्या इमारतीतल्या चार खोल्यांची बटणं मुकी झाली. मेट्रनबाईंनी निरोपावर निरोप पाठवले. चाचणीची डबी एकच होती. ठमीने अण्णांच्या खोलीत जाऊन खण उघडला, डबी जाकिटात घातली आणि पेंगत असलेल्या अण्णांना म्हणाली, “आलेच मी.” तिच्या मनात होतं की तासाभराचं तर काम आहे, तोवर खोलीतली डबी सांभाळून घेईल. सांभाळलंही असतं. पण आपण पक्का अशी खूण केली आहे, बटण आता या डबीशिवाय दुसऱ्या कुणाला हाक मारणारच नाही, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. रोज दुसऱ्यांना हीच चूक करू नका म्हणून बजावणारी बाई ती.

तासाचं काम दुपारवर गेलं. फोन वाजला तेव्हा ती माळ्यावर वायरींच्या जंजाळात पालथी पडून होती.

“ताई, अण्णांचं बटण बिघडलंय बहुतेक,” लंबूचा आवाज हळू होता. “जरा येता का?”

“काय झालं?”

“तसं काही नाही. लागलं वगैरे नाही. या तुम्ही.”

मधलं अंगण ओलांडताना तिला ती खूण आठवली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. लंबू बाहेर उभा होता, हातात धुतलेला लेंगा आणि टॉवेल. “मी चहा घेऊन आलो तर हे असं,” तो म्हणाला. “केव्हापासून दाबतायत म्हणे. दाबलं की बटणावर हिरवा दिवा लागत होता म्हणून त्यांना वाटलं, कुणीतरी येईलच. शेवटी स्वतः उठायला गेले, ते जमलं नाही.” त्याने मान खाली घातली. “मीच मधे एकदा डोकावायला हवं होतं. हाक नाही म्हणून मी आलोच नाही.”

ठमीला वाटलं याने चिडावं, आवाज चढवावा. तो स्वतःलाच दोष देत होता, आणि खरं सांगायचं तर त्याही क्षणी तिला त्याचा हेवा वाटला. अण्णांनी त्याला आत येऊ दिलं होतं.

“बटण चांगलं आहे,” ती म्हणाली. “मी बिघडवलं होतं. तुझ्या पट्ट्यावर हाक जाऊ नये म्हणून.”

लंबूने विचारलं, “का?”

तिने त्याच्या हातातला लेंगा घेतला. “मी करते. तू जा.”

तिने दार ढकललं. खोलीत उग्र वास भरला होता. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, पांघरूण कमरेभोवती गच्च लपेटून. ज्यांच्या सदऱ्याची घडी दुकान बंद होईपर्यंत मोडत नसे ते तिचे अण्णा. त्यांनी तिला पाहिलं आणि चटकन तोंड भिंतीकडे वळवलं.

“लंबू कुठाय?”

“मी बदलते, अण्णा. दोन मिनिटांचं काम.”

“नको.”

“लंबूने केलेलं चालतं, मग मी काय परकी आहे? मुलगी आहे मी तुमची.”

“म्हणूनच,” अण्णा म्हणाले.

ते भिंतीकडेच बघत होते. त्यांचा कान लाल झाला होता. ठमी लेंगा हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाणी, खिडकी, चुकून दाबलं गेलं, सगळं तिला एकदम कळलं. दर वेळी तिला बघून त्यांनी काहीतरी भलतंच मागितलं होतं, आणि जे हवं होतं ते तिची पाठ वळल्यावर कसंबसं स्वतःच निभावलं होतं, किंवा दात आवळून लंबूच्या फेरीची वाट पाहिली होती.

“दार लाव,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले. “आणि त्याला पाठव. मग ये, बसू.”

ती बाहेर आली. लंबूने तिच्या हातातून लेंगा घेतला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

ठमीने यंत्र काढलं. पक्का ही खूण पुसली, लंबूच्या पट्ट्यावरची बंदी उठवली. मग ती दाराला तोंड लावून म्हणाली, “अण्णा, एकदा दाबून बघा.”

मग लंबूच्या मनगटावरची गुरगुर दारातून ऐकू आली, आणि लंबू म्हणाला, “आलो आलो, अण्णा. किती लांबून यायचं ते सांगा.”

अण्णा हसले. आधी नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज आला, मग खरोखरच हसले. ठमीला ते ऐकून बरं वाटलं आणि तेवढंच दुखलंही.

दार वीतभर उघडलं. लंबूचा लांब हात बाहेर आला, त्यात गोळा केलेली चादर. “हे एवढं धुवायला टाकता, ताई?”

तिने चादर घेतली. जड आणि ओली होती. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती निघाली. व्हरांड्यात आरामखुर्च्यांवर सातआठ म्हातारी माणसं चहा पीत बसली होती, आणि त्यांच्यामधून मेट्रनबाई समोरून येत होत्या. त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग ती आली त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. चहाचे कप जागच्या जागी थांबले.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही,” ठमी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “माझ्या हातून तांब्या लवंडला. अण्णांचं अंथरूण भिजवलं मी.”

“धांदरट आहेस अगदी,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“हो ना,” ठमी म्हणाली, आणि चादर सावरून धुण्याच्या खोलीकडे गेली.