लवूच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. लोखंडी पेटीत उभी काचेची नळी, तिच्यात पारा, दंडाला बांधायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. डॉ. वसुधाबाईंनी मालाडला दवाखाना काढला तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला आणले. ‘हे कधी चुकत नाही,’ असे बाई सगळ्यांना कौतुकाने सांगत. मला त्याचा फार अभिमान होता.

दर महिन्याला येणारे एक पेशंट म्हणजे काशीराम. मूळचे मालवणकडचे. संपात गिरणी सुटली आणि ते एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांचा दाब चढा असे. त्यांना हाताला धरून आणायचा त्यांचा मुलगा लवू. तो ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. नंबर येईपर्यंत बाकावर बोटांनी ठेका धरायचा, आणि खोकणारे पेशंटसुद्धा हसायचे. एकदा बाईंनी गमतीने त्याच्याही दंडाला मला बांधले. एकशे वीस, ऐंशी. अगदी हवा तसा.

शहाऐंशी साली काशीराम एकटेच आले. त्यांनी सांगितले की लवू दोन-दोन दिवस झोपत नाही आणि मग दोन दिवस उठत नाही. ताटाला हात लावत नाही. दात करकरा खातो. शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणून त्याने खिडकीला वर्तमानपत्रे चिकटवली आहेत. बाईंनी त्याला पाठवून द्यायला सांगितले.

शनिवारी तो आला. माझा पट्टा त्याच्या दंडावर आता एक वेढा जास्त घेत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, ओठ सुकलेले, नाडी धावत होती. पारा एकशे सत्तरवर गेला. बाईंनी पुन्हा मोजले. पारा तिथेच.

“काही घेतोस का रे?” बाईंनी विचारले.

“चहा, बाई. तालमी चालल्यात ना. पंधरा कप होतात दिवसाला.”

तो हसला. बाहेर पेशंट ताटकळले होते. बाईंनी चहा कमी करायला सांगितले, रक्त तपासायची चिठ्ठी दिली आणि गुरुवारी ये म्हणाल्या.

गुरुवारी आला तो त्याचा मित्र, ऑर्केस्ट्रातला गिटारवाला चंद्रप्रकाश. खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. मग त्याने सगळे सांगितले. मढच्या किनाऱ्यावर भाड्याच्या एका बंगल्यात रविवारी मंडळी मजा करायला जमत. तिथे कुणीतरी अँफेटामिनच्या, म्हणजे झोप उडवून तरतरी आणणाऱ्या नशेच्या गोळ्या आणल्या. पहिली घेतली तेव्हा लवूला झकास वाटले होते. भूक नाही, थकवा नाही. पुढे एकीने काही होईना, म्हणून तीन, मग पाच. बाईंकडे येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तो गोळ्या घेऊन भर उन्हात नाचला. अंग भट्टीसारखे तापले. डोके फुटतेय म्हणत तो खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. सोमवारी इस्पितळात तो गेला. तेवीस वर्षांचा होता.

“तुला माहीत होतं?” बाईंनी विचारले.

“सगळ्यांनाच माहीत होतं, बाई. त्याच्या घरी कोण सांगणार?”

बाईंनी माझ्या नळीकडे बघितले. म्हणाल्या, “मलाही दिसलं होतं रे.”

तेराव्यानंतर काशीराम आले, भिंतीचा आधार घेत. बाई पट्टा बांधायला गेल्या तर त्यांनी हात मागे घेतला.

“माजो दाब आता कित्याक बघतास, बाई?”

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्या दिवशी मी मोजलेच नाही. नंतर काशीराम गावी गेले. पुन्हा आले नाहीत.

आता बाईंकडे तबकडीचे नवे यंत्र आहे. मी कपाटात धूळ खातो. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, त्या गोळ्या हृदयाला ऊर फुटेस्तोवर पळवतात, दाब चढवतात, झोप आणि भूक मारतात, मनात संशय भरतात. घेणाऱ्याला मात्र आपण ठणठणीत आहोत असेच वाटते. तुमच्यातला कुणी असा झिजताना दिसला तर त्याच्या सबबी ऐकून गप्प बसू नका. तो रागावेल, बोलणे टाकेल. तरी त्याच्या घरी सांगा, त्याला दवाखान्यात घेऊन या.

मला तोंड नाही. चंद्रप्रकाशला होते. बाईंना होते. तुम्हाला आहे.