उजवीकडून डावीकडे

मी मेगावॉटचा काटा बोलतोय. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, मोठ्या टेबलासमोरच्या पॅनेलवर मी राहतो. माझ्या डावीकडे शून्य, उजवीकडे पूर्ण क्षमता. आमच्या युनिटमधून या क्षणी किती वीज बाहेर जातेय, तेवढं मी दाखवतो. एवढंच काम, पण आयुष्यभर इमानेइतबारे केलं.

मला बसवलं तेव्हा पॅनेलचा रंगही नीट वाळला नव्हता. शेजारी तेलावर चालणारं जुनं युनिट होतं. त्याचा काटा माझ्याकडे बघून नाक मुरडायचा. पुढे तेल परवडेना, तेव्हा तो शून्यावर टेकला तो टेकलाच. मी मात्र वर्षामागून वर्ष उजवीकडे सरकत राहिलो. घराघरांत पंखे आले, फ्रीज आले, गावाबाहेर कारखाने आले. सगळ्या देशाच्या विजेचा मेळ जिथून घालतात त्या भार केंद्रातून फोन यायचा, "वाढवा. अजून वाढवा." खाली भट्टी धडधडायची आणि मी उजव्या टोकाला ताठ उभा. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा शिंगं फुटली होती.

माझ्यासमोर सर्वांत जास्त वर्षं बसले ते एक ऑपरेटर. सगळे त्यांना पोपटराव म्हणत, आधी मागून आणि मग तोंडावर. भार केंद्राचा आदेश ऐकणाऱ्याने शब्द न् शब्द परत म्हणायचा, अशी इथली रीत आहे. त्याशिवाय आदेश पुरा होत नाही आणि कुणी कशाला हात लावत नाही. पोपटरावांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की घरून फोन आला तरी तेच.

"अहो, दोरीवरचे कपडे पुन्हा काळे झालेत. उद्यापासून घरातच वाळत घालते."

"कपडे काळे झाले. उद्यापासून घरात वाळत घालणार. बरोबर?"

"बरोबर. धन्य आहे तुमची," बायको म्हणायची, आणि इकडे सगळे तोंड दाबून हसायचे.

त्यांची मुलगी शिकून भार केंद्रात लागली. तिचा पहिला फोन आला तेव्हा पोपटराव खुर्चीत सावरून बसले आणि नंतर सगळ्यांना चहा पाजला. पण दिवस पालटले होते. बाहेर उन्हावरची आणि वाऱ्यावरची वीज आली होती. ऊन वर चढलं की भार केंद्र मला डावीकडे ढकलायचं, संध्याकाळी परत उजवीकडे बोलवायचं. पुढे बॅटऱ्या आल्या आणि ते बोलावणंही कमी झालं. कोळशाच्या गाड्या विरळ झाल्या. बाकीची युनिटं एकेक करून थंड पडली, माणसं बदलीवर गेली. आणि दर वेळी फोनवर तिचाच आवाज, "कमी करा."

"पोरगी दिवसभर माझं केंद्र बंद करते," पोपटराव एकदा फोरमनला म्हणाले, "आणि रात्री विचारते, बाबा, भाजी वाढू का."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही. बोलणंच सोडलंय मी."

मला वाईट वाटलं. बायकोच्या कपड्यांचा हिशेब परत म्हणून दाखवणारा हा माणूस पोटच्या पोरीशी हूं की चूं करत नव्हता.

मग आमच्या युनिटचाही दिवस ठरला. भर दुपारी कंट्रोल रूम माणसांनी भरली. निवृत्त झालेलेही इस्त्रीचे शर्ट घालून भिंतीला टेकून उभे होते. फोन वाजला. पोपटरावांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"भार केंद्र. युनिट शून्यावर आणा आणि ग्रिडपासून तोडा. कायमचं."

 पोपटरावांनी दोनदा घसा खाकरला, पण आदेश परत म्हटला नाही. शिफ्टच्या साहेबांनी हळूच विचारलं, "मी म्हणू का?" त्यांनी मान हलवली, नाही.

पलीकडून कुणी घाई केली नाही. मग मुलगी म्हणाली, "बाबा, मी आहे फोनवर. थांबते."

"युनिट शून्यावर आणणे," पोपटराव म्हणाले, "आणि ग्रिडपासून तोडणे. कायमचं. बरोबर?"

"बरोबर." मग तिने विचारलं, "बाबा, घरी आल्यावर बोलाल ना माझ्याशी?"

एवढी माणसं ऐकत होती. तरी हे त्यांनी परत म्हटलं नाही, सरळ उत्तर दिलं. "बोलेन," म्हणाले, आणि कामाला लागले.

मी हळूहळू उतरत गेलो. शेवटी कुणीतरी टोपी काढली. भट्टी निवली आणि खोलीत कधी नव्हे ती शांतता पसरली. मला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही.

आता पॅनेल उचलून कुठल्याशा प्रदर्शनात मांडणार आहेत म्हणे. खुशाल मांडा. लोक येतील, काचेत स्वतःचे चेहरे बघतील. फक्त एक विनवणी आहे. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून मला बोटाने उजवीकडे सरकवून ठेवू नका. मी आजवर कुणाला खोटा आकडा दाखवलेला नाही, आणि शून्य हा माझा खरा आकडा आहे.