कोरं खापर

अप्पारावांनी खापराचे चार तुकडे वाचनालयाच्या टेबलावर मांडले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हातानं, एकेक करून. तीन तुकड्यांवर गेरूनं ‘अप्पाराव’ लिहिलेलं होतं. चौथा कोरा.

“हे कुणी केलं?”

दाराशी त्यांची दहा-बारा माणसं उभी होती. आम्ही चौघं खुर्च्यांत. चूक सर्वस्वी माझी होती, आणि इतकी अस्सल गाढवपणाची, की आजही आठवली की कानशिलं तापतात.

निवृत्त झाल्यावर मी कुंभार पिंपळगावात प्राचीन ग्रीकांचा राज्यविचार वाचायचा वर्ग काढला, दर रविवारी. गाव हसलं. ‘इथं स्टँडवर मुतारी न्हाई अन् गुरुजी अथेन्सला चालले.’ तरी तिघं टिकली. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर तातेराव, अंबडच्या कोर्टात वकिली करणारी आमिना, आणि नवऱ्यामागं एकटी राहून शिवणकाम करणारी सुरेखा. नेमके प्रश्न सुरेखाचेच असायचे. “शहाण्यानं राज्य करावं म्हणतेत, पर शहाणा कोण, हे कुणी ठरवायचं?” मी तासभर बोलायचो, उत्तर द्यायचो नाही.

आदल्या रविवारी आम्ही अथेन्सची एक रीत वाचली. एखादा माणूस डोईजड झाला की लोक खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव खरडायचे. पुरेशी खापरं जमली की तो दहा वर्षं शहराबाहेर. “करून बघू की,” सुरेखा म्हणाली. तिनंच कुंभारवाड्यातून फुटका माठ आणला, गेरू कालवला. मतदान गुप्त. तीन अप्पाराव निघाले, एक कोरं. पंचायत त्यांच्या खिशात, सोसायटी त्यांच्या खिशात, वाचनालयाचे अध्यक्षही तेच. दुसरं कुणाचं नाव निघणार होतं? कोरं कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. ते माझं होतं.

मग लिंबू सरबत झालं. जाताना मी खापरं आणि पिळलेली लिंबं एकाच पिशवीत भरली आणि तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथल्या उकिरड्यावर रिकामी केली. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. जन्मभर पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, पण हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पहाटे देवाला निघालेल्या सगुणाबाईंनी, अप्पारावांच्या आईनं, पाहिलं ते असं: तिकाटणं, लिंबं, आणि तांबड्या अक्षरांत लेकाचं नाव. त्याच सकाळी लेक मोटारसायकलवरून घसरला. फुटका माठ वाचनालयात गेला होता, हे कुंभारवाड्यातून कळायला वेळ लागला नाही.

आता सगुणाबाई वाचनालयाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. “नावाचं खापर आजारपणाचं,” त्या म्हणाल्या. “कोरं खापर मरणाचं. ज्यानं कोरं टाकलं त्यानंच करणी केली.” आणि त्यांनी सुरेखाकडं पाहिलं. “एकट्या बाईबिगर हे कोण करतंय?”

एकदा हा शिक्का बसला की सुरेखाकडं कुणी शिवायला कापड टाकणार नाही. हापशावर बाया बाजूला सरकतील. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की हिच्या दारावर दगड पडतील.

“बाईमाणसाला करणीवाली ठरवणं गुन्हा आहे,” आमिना म्हणाली. “कायदा आहे तसा.”

“कायदा नका सांगू, वकीलबाई,” अप्पाराव म्हणाले. “मी बराबर एकच गोष्ट इचारून राह्यलो. कोरं कुणाचं?”

“अहो साहेब, हे मतदान होतं,” तातेराव म्हणाले.

“कोऱ्यावर कुणाला मत देतेत, तातेराव?”

सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

“देवळात न्या हिला. देवापुढं वदवून घ्या,” सगुणाबाई म्हणाल्या. दोघंजण पुढं झाले. एकानं सुरेखाचं मनगट धरलं. तिनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड पकडली आणि माझ्याकडं पाहिलं. गुरुजी समजावून सांगतील, असं तिला वाटत होतं.

दोन शब्द पुरेसे होते. पण ते ह्या तिघांसमोर बोलायचे होते. तीन महिने मी त्यांना नागरिकानं निर्भय असावं म्हणून सांगत आलो होतो.

“माझं आहे.”

“काय?”

“कोरं खापर. माझं आहे ते.”

“तुमचं? अन् कोरं कशापायी?”

“भ्यालो,” मी म्हणालो. “तुमचं नाव लिहायला घेतलं होतं. पण अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. माझं अक्षर कुणीही ओळखलं असतं.”

खरं जिव्हारी लागलं ते पुढचं. कुणालाही शंका आली नाही. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. “मास्तर पहिल्यापासूनच भित्रं हाये,” सगुणाबाई म्हणाल्या आणि उठल्याच. सुरेखाचं मनगट सुटलं.

“मंग ही तीन?” अप्पारावांनी विचारलं.

“एक माझं,” आमिना म्हणाली.

“एक माझं,” तातेराव म्हणाले.

“तिसरं माझं,” सुरेखा म्हणाली. “अन् ते मतच होतं. करणीच करायची असती तर एवढी पानं कशाला वाचली असती?”

अप्पाराव लालबुंद झाले. करणी त्यांना परवडली असती. ती उतरवता येते. “तुम्ही तिघं पुन्हा ह्या पायऱ्या चढायच्या न्हाई,” ते म्हणाले. “चला, निघा जल्दी.”

तिघं उठली. मीही खुर्ची मागं सारली. दारात सुरेखा माझ्यासाठी थांबली. “चला गुरुजी. रविवारी माझ्या घरी बसू.”

अप्पारावांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. “तुम्ही कुठं चालले? वाचनालयाची चावी तुमच्यापाशीच राहू द्या. तुमच्यासारखी माणसं हायेत म्हणून गाव चालू हाये.”

हात काही जड नव्हता. मी अर्धा उठलो होतो, तो खाली बसलो.